दाबाच्या बारीक पाईपला वेल्डिंग कशाला? जिनिंगवाले आणि ट्रॅक्टरवाले, बोला

आटेवाला, जळगाव
कापसाचा सीझन जवळ आला की आपल्याकडच्या जिनिंगमध्ये गाठींच्या प्रेसची डागडुजी सुरू होते. ६ ते १२ मिलिमीटरच्या हायड्रॉलिक (दाबाचं तेल नेणाऱ्या) पाईपला तडा दिसला की पहिली हाक वेल्डरला जाते. हे थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पाईपची भिंत जेमतेम एक-दीड मिलिमीटर. आर्क लागला की भोक तरी पडतं, नाही तर धातू आत उतरून वाट अरुंद होते. जळालेल्या लोखंडाची खपली तेलाबरोबर व्हॉल्व्हमध्ये जाते, आणि तिथे स्पूलभोवतीची (आत सरकणाऱ्या दांड्याभोवतीची) फट काही मायक्रॉनची असते. प्रेस अडकते आणि सगळे पंपाला दोष देतात.

त्यापेक्षा कटिंग रिंगचं (धारदार कडीचं) २४ अंशाच्या शंकूचं फिटिंग लावा. नट आवळला की रिंगची धार पाईपात रुतते. आयएसओ ८४३४-१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एस (जड कामाच्या) मालिकेचं ६ ते १२ मिलिमीटरचं फिटिंग ६३० बारपर्यंत (बार म्हणजे दाबाचं माप) चालतं. गॅस नको, ठिणगी नको. सरकी-रुईच्या आवारात ठिणगीचा अर्थ मी सांगायला नको.

झाळकाम, भुसावळ
भाऊ, आर्क वेल्डिंगचं पटलं. पण चांदीच्या झाळीला (चांदीचा मिश्रधातू वितळवून केलेल्या जोडाला) त्याच रांगेत बसवू नका. सॉकेटमध्ये पाईप घालून, एक दशांश मिलिमीटरच्या आसपास फट ठेवून, फ्लक्स लावून केलेली झाळ पाईपाइतकीच टिकते. पाईप वितळतही नाही. तुमच्या रिंगा मात्र कारागीर हात राखून आवळतो किंवा पान्याला नळी लावून पिळतो. दोन्हीत गळती.

डिझेल नोझल, शिरपूर
मी ट्रॅक्टरचं काम करतो. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या पाईपला टोकाशी जो शंकू असतो, तो कारखान्यात थंड अवस्थेत दाबून घडवलेला असतो, तिथे टाका नसतो. जुन्या पंपांत नोझल साधारण २०० बारला उघडतं, आणि प्रत्येक फवाऱ्याला पाईपात दाबाचा धक्का बसतो. तुटलेला पाईप झाळून आणला की पोलाद तापून मऊ पडतं आणि झाळीच्या शेजारीच पुन्हा तुटतं. म्हणून झाळ नको, नवीन पाईपच टाका. कॉमन रेलमध्ये (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीत) दाब हजार बारच्या वर असतो, तिथे तर विचारही नको.

झाळकाम, भुसावळ
इंजेक्शनच्या पाईपचं मान्य. मी प्रेसच्या लाईनबद्दल बोलतोय. रात्री अकराला पाईप फुटला, गाड्या कापूस घेऊन उभ्या आहेत, तेव्हा रिंग कुठल्या दुकानात मिळते ते सांगा.

आटेवाला, जळगाव
रात्रीची अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे स्टोअरमध्ये दोन-तीन मापांची फिटिंग भरून ठेवणं. आता आवळण्याबद्दल.

पाईप सीमलेस हवा. टोक काटकोनात कापा, आतली-बाहेरची बर (कापताना उठलेली धार) काढा. रिंग आधी व्हाइसमध्ये, कडक शंकूवर बसवून घ्या: हाताने नट लागेपर्यंत, मग साधारण दीड फेरा. नट सोडून बघा. रिंगपुढे पाईपाच्या धातूची कड उठलेली दिसली पाहिजे. रिंग जागेवर फिरली तर चालेल, पण पुढे-मागे सरकता कामा नये. ही तपासणी केली तर ‘हात राखून आवळलं’ हा प्रश्नच उरत नाही.

स्टेनलेस पाईपला डबल फेरूल (एकामागे एक दोन रिंगा असलेलं फिटिंग) बरं. पाव इंची पाईपला बोटाने घट्ट झाल्यावर सव्वा फेरा. पाईप फेरूलपेक्षा मऊच हवा, नाही तर फेरूल रुतत नाही. नटाच्या आट्यांना टेफ्लॉन गुंडाळू नका. सील फेरूलवर होतं, त्या आट्यांवर नाही.

मशीन शॉप, धुळे
तुमनं म्हननं माले अर्धंच पटनं, भाऊ. रिंग आणि फेरूलला हद्द आहे. पाण्याच्या झोताने कापणाऱ्या वॉटरजेटच्या पंपात ६०,००० पीएसआय, म्हणजे चार हजार बारच्या वर दाब असतो. तिथे जाड भिंतीच्या पाईपाचं टोक शंकूसारखं घासतात, त्यावर आटे पाडून कॉलर चढवतात. हे आटे डावे असतात, म्हणजे बाहेरचा नट आवळताना कॉलर सुटत नाही. वेल्डिंग तिथेही नाही, पण रिंगही नाही. दाब किती, हे विचारल्याशिवाय ‘रिंग लावा’ असं सरसकट सांगू नका.

आटेवाला, जळगाव
बरोबर. माझं म्हणणं प्रेसच्या दाबापुरतंच धरा.

झाळकाम, भुसावळ
मग माझंही एक धरा. प्रेस हादरते, आणि क्लॅम्प नसलेला पाईप रिंगच्या कापाशीच तुटतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नट-फेरूल एकत्र लावलेलेही मी पाहिलेत. हे सुधारेपर्यंत मी झाळ सोडणार नाही.

डिझेल नोझल, शिरपूर
दोघांच्याही कामगारांना एक सांगा: गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणीएवढी दिसते, पण ऑपरेशन लागतं, आणि उशीर झाला तर बोट जातं. पुठ्ठा धरून बघा, आणि दाब उतरवल्याशिवाय नटाला पाना लावू नका.