मदत हवी आहे: ५ बाय ८ च्या बाथरूममध्ये टब आणि शॉवर एकत्र कसे बसवू?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

घरातलं मोठं बाथरूम यंदा मुळापासून उखडून नवं करायचं ठरलंय. फरशी, पाइप, नळ, सगळंच. एकदा भिंती बंद झाल्या की पुढची १५-२० वर्षं कोणी हात लावणार नाही, म्हणून फोडाफोडीच्या आधीच विचारून घेते.

खोली आतून ५ फूट रुंद आणि ८ फूट लांब. दार आखूड भिंतीत, डाव्या कडेला, बाहेर उघडणारं. समोरच्या आखूड भिंतीत खिडकी. आत शिरलं की उजव्या हाताला आधी कमोड, मग बेसिन, आणि खिडकीखाली उघड्यावर शॉवर. नहाणी ट्रॅप (सांडपाणी जातं ते जाळीखालचं भांडं) खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात आहे. तो आणि कमोडचा पाइप हलवता येणार नाही असं प्लंबरने आधीच सांगून टाकलंय.

वापरणारे चौघं. मी आणि नवरा, सकाळी पाच मिनिटांत शॉवर उरकणारे. सात वर्षांची लेक. आणि सासूबाई, वय ७४, उजवा गुडघा नीट वाकत नाही. टबाचा हट्ट खरं तर माझा. पाठ धरली की गरम पाण्यात अर्धा तास पडून राहण्यासारखं दुसरं सुख नाही. लेकीचं नाव मी फक्त पुढे करते.

गेले दोन महिने चित्रं बघून डोळे गेले. चित्रातल्या टबाभोवती माणूस फेर धरू शकेल एवढी जागा असते, आणि साबणाची वडी, बादली, वाळत घातलेला टॉवेल कुठेच दिसत नाही. त्या घरात अंघोळ करतात की नुसतं बघत बसतात, कोण जाणे.

माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत. पहिला, खिडकीखाली भिंत ते भिंत ५ फुटी टब आणि त्यावरच शॉवर, बाजूला काच किंवा पडदा. दुसरा, ज्याच्या एका बाजूला दार असतं असा टब, सासूबाईंसाठी. तिसरा, टब आणि शॉवर शेजारी शेजारी एकाच ओल्या भागात, पण त्याला जागा पुरेल असं वाटत नाही.

काय करावं? कोणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर तोटे आधी सांगा.

काचपाणी

पहिला पर्याय आमच्याकडे सहा वर्षं आहे. पडद्याच्या वाटेला जाऊ नका. शॉवर सुरू केला की तो आत ओढला जातो आणि ओल्या पाठीला चिकटतो. असं का होतं याच्या आंशिक उत्तराला २००१ साली इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते नोबेलचं विडंबन, मिळालंय, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डेव्हिड श्मिट यांना. आमच्या पडद्याला त्याने काही फरक पडला नाही. खालच्या कडेला काळी बुरशी धरते ती वेगळीच.

काच घ्या, पण पूर्ण लांबीची नको. शॉवरच्या बाजूचा निम्मा टब झाकेल एवढी, ८ मिमी टफन्ड (तापवून कणखर केलेली), बिजागरीवर आत वळणारी. पूर्ण सरकती दारं बसवली तर लेकीला टबात अंघोळ घालताना तुम्हाला बाहेरून वाकायलाच मिळणार नाही, आणि खालच्या खाचेत साबणाचा लगदा साठतो. जुन्या ब्रशने काढावा लागतो, दर रविवारी.

शॉवरची उंची टबाच्या तळापासून मोजा, फरशीपासून नाही. टबाचा तळ फरशीपेक्षा चार-सहा इंच वर असतो. आमच्या गवंड्याने फरशीपासून मोजली. माझी उंची सहा फूट, तेव्हा मी सहा वर्षं मान तिरकी करून अंघोळ करतोय.

ओळंबा

बांधकामात आयुष्य गेलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

टबावर शॉवर ही जागा वाचवणारी सोय आहे, पण ती धडधाकट माणसांची. टबाचा काठ फरशीपासून १५ ते २० इंच असतो. ओल्या पायांनी, एका पायावर उभं राहून, दुसरा पाय तेवढा उचलून गुळगुळीत तळावर टेकायचा. हे सासूबाईंना रोज करायचं असेल तर तो पर्याय इथेच सोडा.

दाराचा टब ऐकायला छान वाटतो. पण त्यात आधी कोरडं बसायचं, दार लावायचं, मग पाणी भरेपर्यंत थांबायचं. बाहेर यायचं तर सगळं पाणी जाईपर्यंत पुन्हा बसायचं, तेही ओल्या अंगाने कुडकुडत. शिवाय दाराचा रबर कधीतरी म्हातारा होणारच. ज्याला रोज टबातच अंघोळ करायची आहे त्याच्यासाठी तो ठीक. सासूबाईंना टब हवा आहे की नुसती सुरक्षित अंघोळ हवी आहे, हे त्यांना विचारलंय का?

आता तिसरा. तुम्ही म्हणता जागा नाही, पण तुमच्या नकाशात ती आहे. टब खिडकीखाली आडवा: ५ फूट बाय अडीच. त्याच्यापुढचे ३ फूट ओला भाग. उरले अडीच, त्यात कमोड, आहे तिथेच. कमोडला बाजूने अडीच फूट पुरतात. बेसिन ओल्या भागात येतंय तर येऊ द्या, फक्त छोटं, भिंतीवर टांगलेलं घ्या, खाली लाकडी कपाट नको. बेसिन आणि कमोडच्या मध्ये उजव्या भिंतीला काटकोनात सव्वादोन फुटांची स्थिर काच. डावीकडे पावणेतीन फुटांची वाट मोकळी. शॉवर डाव्या भिंतीवर, टबाकडे सरकवून. म्हणजे टबाचा काठही भिजला तरी कोणाचं काही बिघडत नाही.

जपानमध्ये ही मांडणी रुळलेली आहे. अंग टबाच्या बाहेर बसून धुवायचं आणि स्वच्छ होऊन टबात शिरायचं. टबापुढच्या त्या जागेला ते अराइबा म्हणतात, आणि ती सगळीच जागा भिजणार हे धरून बांधलेली असते.

उताराचं सांगतो, कारण गवंडी नेमका तिथेच हात राखतो. ओल्या भागाला ५० ला १ एवढा ढाळ हवा. तुमच्या ३ फुटांत पाऊण इंच. दाराकडून टबाकडे, आणि टबाच्या पायाशी लांब पट्टीची जाळी, तिथून पाणी डाव्या कोपऱ्यातल्या ट्रॅपमध्ये. मध्ये उंबरा, कठडा काही नको. पाटावर बसलेल्या माणसाचं पाणी काचेखालून बाहेर येईल ही भीती ढाळ चुकला तरच खरी.

फरशीला लहान तुकड्यांची मोझेक टाइल घ्या. जितके सांधे जास्त तितकी पकड जास्त. मोठी चकचकीत टाइल भिंतीला लावा, हौस तिथे भागवा.

उंबरठा

ओळंबा, खूप आभार. कागदावर आखून पाहिलं आणि खरंच बसतंय!

सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "मला पाट आणि तांब्या दे, तुझ्या त्या होडीत मी चढणार नाही."

तरी खात्री करावी म्हणून काल दुपारी हॉलमध्ये खडूने टब आखला आणि काठाच्या जागी दोन पुठ्ठ्याची खोकी ठेवली, १७ इंच उंचीची. त्यांनी डावा पाय सहज टाकला. उजवा उचलताना गुडघा आडवा आला, खोकं पडलं आणि हात माझ्या खांद्यावर आला. टेपने मोजल्यावर जे कळलं नव्हतं ते तेवढ्यात कळलं. पहिला आणि दुसरा पर्याय बाद.

आता प्रश्न टबाचा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत. वजनाचं काय? आणि २५ लिटरचा गिझर पुरेल का?

ओळंबा

अॅक्रिलिकचा ५ फुटी टब साधारण ३० किलो, पाणी २०० लिटर म्हणजे २०० किलो, तुम्ही धरून ३०० च्या आसपास. घराच्या मजल्याला सहसा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात, आणि तुमची खोली पावणेचार चौरस मीटरची. त्यामुळे अॅक्रिलिकला सहसा अडचण नसते. बिडाचा किंवा दगडाचा टब रिकामाच शे-दीडशे किलोच्या पुढे जातो, तो मनात असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅब दाखवा. घर जुनं असेल तर अॅक्रिलिकसाठीही दाखवा.

ऊनऊन

गिझरचा हिशोब मी देते, कारण आम्ही इथेच फसलो.

गिझरमधलं पाणी ६० अंश, नळाचं गार २० अंश. अंघोळीला ४० लागतं, म्हणजे निम्मं निम्मं. २५ लिटरच्या गिझरमधून ४० अंशाचं जेमतेम ५० लिटर मिळतं. अंग बुडेल इतपत टब भरायला १६० लिटर धरा, म्हणजे ८० लिटर कढत पाणी. २ किलोवॉटच्या हीटरला एवढं तापवायला पावणेदोन तासांच्या वर लागतात. पहिल्या दिवशी मी दोनदा गिझर रिकामा केला आणि घोटाभर कोमट पाण्यात हिरमुसून बसले.

तेव्हा मोठी टाकी तरी घ्या, नाहीतर टब लहान घ्या. चार फुटी, पण खोल. पाय पसरता येत नाहीत, पण खांद्यापर्यंत पाणी येतं, आणि पाठीला तेच हवं असतं.

आणि थर्मोस्टॅटवाला मिक्सर घ्याच. कोणी दुसरीकडे नळ सोडला की साध्या मिक्सरमधून एकदम चटका बसतो. लहान मूल आणि म्हातारं माणूस दोन्ही आहेत तुमच्याकडे.

काचपाणी

चार फुटी टबाला +१. उरलेल्या एका फुटात टबाच्याच उंचीचा फरशी लावलेला कट्टा करा. शाम्पू, साबण, आणि आत उतरताना बसायला. काठावर बसून दोन्ही पाय फिरवून आत घ्यायचे, उभ्याने ओलांडायचं नाही. सासूबाईंना कधी मोह झालाच तर हाच रस्ता.

ओळंबा

कट्टा उत्तम. पण त्याच्या पुढच्या बाजूला निघणारी फळी ठेवा. टबाखालचा सांधा आज ना उद्या गळणार आणि तेव्हा कट्टा फोडायची वेळ येऊ नये. टब उजव्या भिंतीला, कट्टा डावीकडे, म्हणजे ट्रॅप बरोबर फळीच्या मागे येतो.

फरशी लावण्याआधी वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बंद करून पाणी तुंबवा आणि किमान २४ तास ठेवा. पातळीवर पेन्सिलची खूण करा. खालच्या मजल्याच्या छतावर ओल दिसते का बघा. "ताई, काही होत नाही" हे उत्तर ऐकून घ्या आणि तरी पाणी तुंबवा. थर टबाच्या मागच्या भिंतीवरही गेला पाहिजे, शॉवरच्या बाजूला तर थेट शॉवरच्या वर. बरेच जण टबामागे थर देत नाहीत, दिसत नाही ना.

टब बसल्यावर काठाला सिलिकॉन भरताना आधी टब पाण्याने भरा. भरलेला टब किंचित खाली बसतो. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावलं तर पहिल्याच अंघोळीला ते ताणलं जाऊन सुटतं.

धरायचे दांडे कुठे येणार ते आत्ता ठरवा, म्हणजे त्या जागी भिंत भरीव ठेवता येईल. फरशीपासून ३३ ते ३६ इंच. टॉवेलच्या दांडीला कोणी धरलं तर ती हातात येते.

उंबरठा

सगळं मिस्त्रीला वाचून दाखवलं. पाणी तुंबवण्यावर त्याने तोंड वाकडं केलं, पण कबूल झाला. खिडकीची चौकट लाकडी आहे, ती काढून खिडकीच्या कट्ट्याला आत उताराची टाइल लावणार.

एकच अडलंय. टब भरायचा नळ भिंतीतून घ्यावा की टबाच्या काठावर? काठावरचा दिसायला फारच देखणा आहे.

ओळंबा

भिंतीतून. काठावरच्या नळाच्या बुडाशी पाणी साचतं आणि तिथूनच खाली झिरपतं. नळाचं तोंड टबाच्या काठाच्या वर राहील एवढं बघा, म्हणजे टबातलं पाणी कधी उलटं पाइपात ओढलं जाणार नाही. हँड शॉवर टबात बुडतो, त्याच्या जोडणीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) टाका.

ऊनऊन

आणि टब महिनाभर वापरला नाही तर तांब्याभर पाणी त्याच्या जाळीत ओता. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की वास येतो. आम्ही मेलेला उंदीर शोधत दोन दिवस घर पालथं घातलं होतं.