मदत हवी आहे: नववी-दहावीच्या पोरांचा व्यायाम
नमस्कार मंडळी, मी फौजेत हवालदार, सध्या सुट्टीवर साताऱ्याकडं गावी आलोय आणि हायस्कूलच्या सरांनी विचारलं म्हणून रोज सकाळी 6 ला नववी-दहावीच्या पोरापोरींना व्यायाम शिकवतोय. लय मनापासून करतात, पण सगळ्यांना भरतीतलं 1.6 किमी साडेपाच मिनिटांत आणि 10 पुलअप्स आत्ताच पाहिजेत, अरे अग्निवीरला वय साडेसतरा लागतं, तुम्ही 14-15 चे! मैदान मुरमाड, चार-पाच जणांच्या नडग्या दुखायला लागल्यात म्हणून पळणं एक दिवसाआड केलं, मधे जोर-बैठका. एकही पुलअप निघत नाही त्यांना काय द्यायचं? आणि बरीच पोरं नुसता चहा पिऊन येतात, घरी परवडेल असं काय खायला सांगू? पीटीचे सर, फिजिओ कुणी असाल तर प्लीज सांगा, सुट्टीचे 20 दिवसच उरलेत.