एका शरीरात तीन व्यक्तिमत्त्वं: गेममध्ये अदलाबदल कशी बांधावी?

कोडेवाला
कोडी सोडवत पुढे जायचा २डी गेम बनतोय. नायिका एक, तिच्यात व्यक्तिमत्त्वं तीन: रोजचे व्यवहार सांभाळणारी, एक लहान मूल आणि एक तापट रक्षक. बटण दाबलं की पुढचं व्यक्तिमत्त्व समोर येतं, प्रत्येकाची क्षमता वेगळी. चाचणीत खेळणाऱ्यांना मात्र ही तीन निराळी पात्रंच वाटतात. बदल आपोआप, कधीही होऊ दिला तर ते वैतागतात. कोणते गेम अभ्यासावेत आणि नेमकं काय बदलावं? गोष्ट फुटली तरी हरकत नाही.

जुनी_काडतुसं
तुमची अडचण ‘किलर७’मध्ये (२००५) अगदी स्पष्ट दिसते. तिथे एकाच माणसातली अनेक मारेकरी व्यक्तिमत्त्वं खेळायची असतात. केविन अदृश्य होतो, कायोटी कुलपं उघडतो, कॉन चिंचोळ्या जागेत शिरतो. पण प्रत्येकाचं शरीरही वेगळं आणि मरणंही वेगळं. एखादा मेला की गार्सियन या व्यक्तिमत्त्वाने जाऊन त्याचं डोकं कागदी पिशवीत आणायचं आणि त्याला जिवंत करायचं. शैली म्हणून अप्रतिम, पण ‘एक शरीर’ खेळताना हाताला जाणवत नाही. तुमचाही गेम सध्या तिथेच अडकलाय.

उलट टोकाला निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या कन्सोलवरचा जेकिल-हाइडचा गेम (१९८८): सज्जन डॉक्टर जेकिल आणि त्याचंच दुष्ट रूप हाइड. जेकिल डावीकडून उजवीकडे चालतो. ताणाची पट्टी भरली की हाइड होतो आणि उलट दिशेने निघतो. हाइडने राक्षस मारले की ताण उतरतो, पण जेकिल जिथवर पोचला होता तिथवर हाइड पोचला, तर वीज पडून खेळ संपतो. दोघांचं नशीब एकाच अंतराला बांधलेलं आहे, ही कल्पना आजही चोरण्यासारखी आहे. गेम फसला तो इतर कारणांनी: जेकिल संथ, जवळजवळ निःशस्त्र, आणि हा नियम खेळताखेळता उमगणं अवघड.

अर्धविराम
क्षमता जरा बाजूला ठेवा, आधी स्मृती वाटून घ्या. माहितीचे दोन तक्ते करा. शरीराच्या तक्त्यात जागा, जखम, थकवा, घड्याळ, कपडे, खिशातल्या वस्तू. हे सगळं सामाईक. व्यक्तिमत्त्वाच्या तक्त्यात कुणाला काय ठाऊक, कुणावर विश्वास, कशाची भीती. म्हणजे ‘किल्ली खिशात आहे’ हे शरीराचं, ‘ती कोणत्या दाराची आहे’ हे व्यक्तिमत्त्वाचं. रक्षकाने हात कापून घेतला तर मूल समोर आल्यावरही रक्त तिथेच हवं. एवढ्यानेच ‘तीन पात्रं’ ही भावना बरीच ओसरेल.

मोठी अडचण पुढे आहे: खेळणाऱ्याला सगळंच माहीत असतं. रक्षकाने पाहिलेला तिजोरीचा आकडा तो मुलाच्या हाताने सरळ दाबेल. म्हणून आकडे टाकायची खिडकी देऊ नका. समोर असलेल्या व्यक्तिमत्त्वाला आकडा ठाऊक असेल तरच ‘तिजोरी उघड’ हा पर्याय दाखवा. माहिती एकीकडून दुसरीकडे न्यायची तर चिठ्ठी, फोनवरचं रेकॉर्डिंग किंवा वहीचं पान लागेल. मुलाला नीट वाचता येत नसेल तर चित्र काढावं लागेल. खरी कोडी इथून निघतात.

माहितीची गळती कुठे होते ते तपासा: कामांची यादी, नकाशावरच्या खुणा, वस्तूंची वर्णनं, सूचना. ४० वस्तू असतील तर तीन आवाजांत १२० वर्णनं होतात. इतकी लिहू नका. फरक पडतो तिथेच तिन्ही लिहा, बाकीकडे एक सामाईक मजकूर. प्रत्येक महत्त्वाची माहिती पुढे पोचवायला किमान दोन मार्ग ठेवा, नाहीतर एक चिठ्ठी फाटली की गेम कायमचा अडकतो.

बदल यादृच्छिक नको, तो कारणाला बांधा: ठरावीक आवाज, माणूस, जागा. आधी सुमारे एक सेकंद खूण द्या. उडी मारताना बदल थांबवून ठेवा आणि बदलाच्या क्षणी आधी दाबलेली बटणं पुसून टाका, नाहीतर पहिल्याची उडी दुसरा मारतो.

कोडेवाला
मग विस्मरण कसं दाखवायचं? तिन्ही व्यक्तिमत्त्वं खेळणाराच चालवतो.

अर्धविराम
एक त्याच्या हातात देऊ नका. पहिल्या भागात रक्षक खेळता येणार नाही असं करा. घड्याळ १०:२० वरून थेट १:०५ वर, जागा बदललेली, खिशात अनोळखी पावती. ते अंतर खेळणाऱ्यालाही खरोखरच ठाऊक नसेल. रक्षक नंतर उघडा आणि तीच वेळ तेव्हा खेळू द्या.

मनोमय
रक्षकाबद्दल सांगायलाच हवं. या विषयावरच्या गेमांची सर्वांत जुनी खोड म्हणजे दुसरं व्यक्तिमत्त्व खुनी निघणं. ‘झेनोगिअर्स’मधलं (१९९८) नायकाचं दुसरं व्यक्तिमत्त्व, इड, विध्वंसक आहे, तिथे निदान बालपणीच्या अत्याचाराचा धागा गंभीरपणे धरलाय. ‘दांगानरोन्पा’मध्ये (२०१०) तोको या मुलीला शिंक आली की तिच्यातली मालिका-खुनी प्रकटते. प्रत्यक्षात एका माणसात अनेक व्यक्तिमत्त्वं असण्याच्या या विकारात दुसऱ्याला इजा करण्यापेक्षा स्वतःला इजा करून घेण्याचा धोका कितीतरी मोठा असतो. तापट रक्षक ठेवा, पण तो कशापासून वाचवतोय ते दाखवा.

या विकाराच्या निदानाचं नाव १९९४ मध्ये ‘मल्टिपल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’वरून बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर झालं. रोजच्या गोष्टींच्या आठवणीत पडणारी खिंडारं हा त्याच्या आजच्या निकषांचाच भाग आहे, त्यामुळे वरची घड्याळाची युक्ती योग्य आहे. आवाज ऐकू येणं दाखवायला ‘हेलब्लेड’ (२०१७) अनेकजण सुचवतील. तो सायकोसिसवरचा, म्हणजे वास्तवाशी नातं तुटण्याच्या अवस्थेवरचा गेम आहे. ध्वनिरचना जरूर अभ्यासा, पण विषय वेगळा.

बदल बहुतेकदा बारीक असतो, डोळ्यांचा रंग पालटत नाही. उभं राहण्याची ढब, चालीचा वेग, अक्षरं उमटण्याचा वेग, वाक्यांची लांबी एवढं पुरतं.

शेवटी एका व्यक्तिमत्त्वाशी लढून त्याला संपवायचं, असा बॉस (टप्प्याच्या शेवटचा बलाढ्य शत्रू) कृपया ठेवू नका. ‘सेलेस्ट’ (२०१८) या विकारावर नाही, तरी पाहा: नायिकेचा पाठलाग करणारी तिचीच दुसरी बाजू सोबत आली की हवेत एकाऐवजी दोन झेपा मिळतात. आणि विलीनीकरण, म्हणजे सगळी व्यक्तिमत्त्वं एकात मिसळून जाणं, हाच एकमेव सुखी शेवट मानू नका. सहकार्याने एकत्र राहणं हाही उपचारातला खरा मार्ग आहे. संवाद ध्वनिमुद्रित करण्याआधी, हा विकार असलेल्या दोन-तीन जणांना मानधन देऊन वाचायला द्या. रेकॉर्डिंगनंतर दुरुस्ती खर्चिक पडते आणि मग ती राहूनच जाते.