शस्त्रसंधी, युद्धबंदी की तह?

युक्रेन युद्ध थांबवण्यासाठी अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये पुढे केलेल्या २८ कलमी मसुद्याच्या बातम्या वाचून गोंधळले. कुठे 'शांतता करार', कुठे 'शस्त्रसंधी', कुठे 'युद्धबंदी'. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

*

नाही चालत. शस्त्रसंधीत दोन्ही बाजू ठरवून हत्यारं थांबवतात, भांडण तसंच राहतं. कोरियात २७ जुलै १९५३ ला पानमुंजोमला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, पण शांतता करार अजून झालेला नाही. तहात, म्हणजे शांतता करारात, मात्र देणंघेणं आलं. 'लढाईत जिंकले, तहात हरले' असं आपण म्हणतो ते त्यामुळेच. शस्त्रसंधीत कुणी हरत नाही. त्या मसुद्यात युक्रेनने आपल्या पूर्वेकडच्या दोनेत्स्क प्रांताचा हाती उरलेला भाग सोडावा, सैन्य ६ लाखांपर्यंतच ठेवावं, नाटोत जाऊ नये, अशी कलमं होती. याला 'शांतता योजना' म्हटलं की अटी झाकल्या जातात. मी मथळा दिला असता तर 'तहाच्या अटी' असाच.

*

'युद्धबंदी' तर बातमीतून हद्दपारच करावा. दारूबंदीच्या चालीवर वाचला तर युद्ध थांबणं, नाहीतर युद्धकैदी. १६ मे २०२५ ला इस्तंबूलमध्ये रशिया आणि युक्रेन समोरासमोर बसले. दोन्हीकडचे हजार-हजार कैदी सोडायचं ठरलं, लढाई थांबवायचं ठरलं नाही. आता 'इस्तंबूलमध्ये युद्धबंदींबाबत एकमत' हा मथळा बघा. एक अनुस्वार गळला की बातमी साफ उलटी होते! कैद्यांना 'युद्धकैदी' आणि लढाई थांबण्याला 'शस्त्रसंधी' म्हणावं, प्रश्न मिटतो.

*

मला 'अदलाबदल' जास्त खटकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये पुतिन यांच्याशी अलास्कात झालेल्या भेटीआधी ट्रम्प भूभागांच्या अदलाबदलीबद्दल बोलले आणि शब्द तसाच मथळ्यांत उतरला. अदलाबदल म्हणजे तुझं मला, माझं तुला. इथे सोडायची ती जमीन युक्रेनची, आणि बदल्यात परत मिळेल अशी चर्चा होती तीही युक्रेनचीच, रशियाने व्यापलेली. शब्द ट्रम्प यांचा असेल तर अवतरणात ठेवा, 'ट्रम्प म्हणाले' जोडा. बातमीदाराने आपल्या तोंडी घेतला की तो वस्तुस्थिती म्हणून वाचला जातो.

रशियात तर 'युद्ध' शब्दालाच २०२२ पासून आडकाठी आहे, सरकारी शब्द 'विशेष लष्करी मोहीम'. मोहीम फत्ते होते, तिला तह लागत नाही. तिथल्या बातम्यांत 'उद्दिष्टं साध्य होईपर्यंत' हे पालुपद येतं ते त्यातूनच.

*

आणखी एक विचारते. मसुद्यात क्रिमिया, लुहान्स्क आणि दोनेत्स्क 'डी फॅक्टो' रशियाचे मानावेत असं होतं. मराठी बातमीत फक्त 'रशियाचे म्हणून मान्यता' वाचलं. 'डी फॅक्टो' कुठे गेलं?

*

गळालं, आणि तिथेच अर्थ बिघडला. डी फॅक्टो म्हणजे ताबा कुणाचा हे मान्य करणं, मालकी नव्हे. जमिनीच्या कज्ज्यांत मराठी माणूस हा फरक झोपेतही सांगेल: वहिवाट एकाची, मालकी दुसऱ्याची. 'रशियाचा ताबा मान्य' एवढे तीनच शब्द पुरतात. 'वस्तुतः' हा कोशातला प्रतिशब्दही आहे, पण घाईत वाचणारा त्यावरून घसरतो.