मदत हवी आहे: भातखाचराच्या पाणदाराला तुमच्याकडे काय म्हणतात?

मंडळी, अठराव्या शतकातल्या, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनाच्या भातशेतीवर लेख लिहितेय. ती खाचरं पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांनी घडवली. सेनेगल, सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरचं भाताचं ज्ञान त्यांच्यासोबत आलं. श्रेय मात्र मळेवाल्यांनी घेतलं, हे फार लागतं मनाला. वेटोळी घालून विणलेल्या गोल सुपात पाखडणं, लाकडी उखळात कांडणं, हेही त्या गुलामांचंच. त्यांचे वंशज, गला लोक, आजही तशाच टोपल्या विणतात.

अडलंय एका शब्दापाशी. भरतीला नदीचं गोडं पाणी आत घेणारं, ओहोटीला सोडणारं लाकडी दार. तिथे ‘ट्रंक’ म्हणतात. गोव्याच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, खारं पाणी अडवायला ‘मानस’ असते. रायगड-रत्नागिरीच्या खारजमिनीत काय म्हणतात? घरातल्या जुन्या माणसांना विचाराल का, प्लीज?