हार्वेस्टर, कापणी की सरवा?

शिसपेन्सिल: मोटरींवर बसवायच्या एका उपकरणाची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. मोटर थरथरते, त्या थरथरीवर नखाएवढी पट्टी वीज तयार करते आणि त्यावर तापमानाचा सेन्सर चालतो. सेल बदलायची कटकट नाही. मूळ नाव ‘पिझोइलेक्ट्रिक व्हायब्रेशन एनर्जी हार्वेस्टर’. मी ‘कंपन-ऊर्जा हार्वेस्टर’ केलं आणि मसुदा साखर कारखान्यातल्या फिटरकाकांना दाखवला. ते म्हणाले, “हार्वेस्टर ऊस तोडायला येतं. ते मोटरीवर कुठं बसवताय?” काय लिहू? उपकरणावर लावायच्या बिल्ल्यावर जागा दोन शब्दांचीच आहे.

तिठा: ‘दाबविद्युत ऊर्जासंकलक’. पिझोइलेक्ट्रिकला दाबविद्युत हा शब्द परिभाषेत रुळलेला आहे, तो का सोडायचा?

शिसपेन्सिल: दाब म्हटलं की काकांना पंपाचं प्रेशर आठवतं. इथे पट्टी वाकते. एक टोक घट्ट आवळलेलं, दुसऱ्या टोकाला वजन. मोटर हलली की वर चिकटवलेला सिरॅमिकचा थर ताणला जातो, आवळला जातो.

उंबरठा: तरी दाब चूक नाही. प्येर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टुर्मलीन असे स्फटिक दाबून त्यांच्यावर विद्युतभार येतो हे दाखवलं. ग्रीक ‘पिएझेइन’ म्हणजे दाबणे. हा क्रियापदाचा धातू आपल्या ‘पीड्’चा सख्खा भाऊ आहे, दोघांच्या मुळाशी ‘वर बसणे’ ही कल्पना. आपलं ‘पिळणे’ त्याच ‘पीड्’मधून आलं. उसाच्या चरकातलं पिळणं आणि हे पिझो एका घरचं, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत होतो.

तिठा: मग ‘पीडविद्युत’ का नको? अर्थही तोच, मूळही तेच.

चूलवैल: नको हो. पीडा म्हणजे दुखणं, हेच आज सगळ्यांना कळतं. मूळ कितीही सुंदर असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात काय उमटतं ते बघा. गॅसच्या लायटरमध्ये हेच तर असतं. खटका दाबला की स्प्रिंगवरचा छोटा हातोडा सिरॅमिकच्या गोळीवर आदळतो, कट् होतं, ठिणगी पडते. घरोघरी लायटरच म्हणतात, कुणाचं काही अडलं नाही.

नांगरट: पिझो राहू द्या, अडलंय ते ‘हार्वेस्ट’वर. कापणी पेरलेल्याची होते. मोटर पाणी उपसायला लावलेली, थरथर कुणी पेरलेली नाही, ती वायाच जाणार होती. कापणी झालेल्या रानात पडून राहिलेली कणसं वेचतात त्याला आमच्याकडे सरवा म्हणतात. माझी आजी ज्वारीच्या रानात ओटी खोचून सरवा वेचायची. संध्याकाळी ओटी झटकली की सुपाचा तळ जेमतेम झाकायचा. या पट्टीतून निघणारी वीजही तेवढीच, मायक्रोवॅटमधली. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये पुरेशी साठेल तेव्हा सेन्सर एकदा बोलणार. ‘कंपन-सरवा’ लिहा.

तिठा: सरवा हे वेचलेल्या धान्याचं नाव, वेचणाऱ्याचं नव्हे. यंत्राला ते कसं लावता? ‘संकलक’ कोरडा असेल, पण व्याकरणात बसतो.

पाणवठा: मोटरींवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगतो. सरवा वेचणारी बाई दिसेल ते कणीस उचलते. ही पट्टी तशी नाही. ५० हर्ट्झच्या विजेवरची चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर मिनिटाला १५०० च्या जरा खाली फिरते, म्हणजे सेकंदाला साधारण २५ फेरे. पट्टी त्या वारंवारतेशी जुळवलेली असेल तरच जोरात हलते. दुसऱ्या मोटरीवर बसवली तर जवळपास गप्प. वजन मागेपुढे सरकवून ती जुळवावी लागते. हे ‘सरवा’त कुठे आलं?

नांगरट: ‘संकलक’मध्ये तरी कुठे आलं?

शिसपेन्सिल: पाणवठादादा, ही जुळवणी पुस्तिकेत घालतेच. पण बिल्ल्याचं काय? उद्या छपाईला जातोय.

चूलवैल: सरवा फक्त कणसांचाच का? भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा आम्ही उकरायचो, त्यालाही घरी सरवाच म्हणायचे.

नांगरट: आमच्याकडे नाही. सरवा वरचा, डोळ्यांना दिसणारा. शेंगांना उकरायलाच जायचो.

चूलवैल: ताई, आजीला विचारा. माझ्या आईच्या तोंडात दोन्हीला एकच शब्द होता.

नांगरट: आजी नाही आता. थोरल्या चुलतीला विचारून रात्री लिहिते.