मदत हवी आहे: रोममध्ये अचानक मिळालेला सोमवार

परतीचं विमान पुढे गेल्याने येत्या सोमवारी रोममध्ये सकाळी ८ ते संध्याकाळी ६ मोकळे आहोत. सोबत सासूबाई. सपाटीवर हळूहळू चालतात, जिने मात्र नकोत. त्यात तिथले ते काळे चौकोनी दगड म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच. सामान तेर्मिनी स्टेशनवर ठेवू.

कलोसियमची तिकिटं वेबसाइटवर संपलीत, जादा पैसे मोजून घ्यायची नाहीत. बाहेरून बघू. व्हॅटिकन झालंय. पँथिऑन नक्की (२०२३पासून तिकीट लागतं, चालेल): घुमटाच्या उघड्या झरोक्यातलं ऊन भिंतीवरून सरकताना त्यांना दाखवायचंय.

अडलंय दुपारचं. मला ओढ सान क्लेमेंतेची: वर १२व्या शतकातलं चर्च, खाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली मिथ्रदेवाचं मंदिर, म्हणजे आपल्या वेदांतल्या मित्राचा लांबचा भाऊबंदच! पण खाली जायला जिने. दुसरा पर्याय कॅपिटोलाइन म्युझियम, ते सोमवारीही उघडं असतं.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: सान क्लेमेंतेच्या जिन्यांना धरायला कठडा आहे का? मी एकटीच खाली गेले तर सासूबाईंना वर निवांत बसता येईल का? आणि कॅपिटोलाइनसाठी टॅक्सी टेकडीवर दारापर्यंत सोडते का?